तोडीची पाळी

चेअरमन माणिकरावांनी एका बोटानं शेवटचं बटण दाबलं. संगणक टूं करून वाजला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"हे काय म्हणायलंय?" त्यांनी विचारलं.

"परवानगी नाही म्हणतंय, साहेब," संगणक सांभाळणारी पंचफुला म्हणाली.

खोलीतल्या कारकुनांनी माना खाली घातल्या. माणिकरावांच्या खुर्चीमागं त्यांचे मेव्हणे किशनराव उभे होते. त्यांच्या उसाची तोड माघात यायची होती, आणि त्यांना ती दिवाळीआधी पाहिजे होती. त्यासाठीच दोघं जीपनं थेट आले होते.

गोदाकाठच्या त्या साखर कारखान्यात यंदाच संगणक आले होते. शेतकी विभाग, वजनकाटा, हिशेब, चेअरमनची केबिन, सगळीकडचे संगणक तारेनं एका मोठ्या संगणकाला जोडलेले. कुणाचा ऊस कधी तोडायचा ती पाळी त्या मोठ्या संगणकात होती आणि कुठल्याही टेबलावरून आपापलं नाव टाकून उघडता यायची. उघडून कुणी नुसती वाचायची आणि कुणी तिच्यात बदल करायचा, हे लावून द्यायचं काम पंचफुलाचं. लागवडीच्या तारखा बघून पाळी लावणारे शेतकी अधिकारी भुजंगराव. बदलायची परवानगी तिनं त्यांना एकट्याला दिली. बाकी सगळ्यांना वाचायची. बाकी सगळ्यांत चेअरमनही आले.

"कुणी केलं हे?" माणिकराव कडाडले. "माझ्याच कारखान्यात मला परवानगी न्हाई?"

पंचफुलाची नोकरी अजून कच्ची होती. ताडकळसला तिचे वडील पंडित मास्तर, विद्यापीठाच्या नामांतरासाठी जेलात जाऊन आलेले, गावभर सांगत फिरत होते, 'आमची पोरगी कंप्युटरवर हाय.'

किशनरावांनीच तिला वाट काढून दिली. "बाई, मशीन बिघडलं म्हणा अन् द्या की करून. दोन मिन्टाचं काम."

किती सोपं होतं! पण हात कीबोर्डकडं गेला नाही.

"मशीन बिघडलेलं नाही. मीच केलंय, साहेब. तुम्हाला वाचता येईल, बदलता येणार नाही. ह्यांची पाळी पुढं घेतली की दुसऱ्या कुणाचा तरी ऊस उभ्यानं वाळणार."

"उद्यापासून घरी बसावं लागंल, बाई!"

"बसते, साहेब."

किशनरावांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "चला दाजी. जिथं तुमचंच चालंना तिथं माझं काय चालणार? भोगतो आता माघापस्तोर!" ते तणतणत बाहेर गेले. जीपचं दार धाडकन आपटलं.

माणिकराव उठले. त्यांनी खिडकीतून जीपकडं पाहिलं, हळूच दार लोटलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागले.

"लय झ्याक झालं! भुजंगरावानं मला आधीच सांगितलं होतं, चेअरमनलाबी बदलता येत न्हाई म्हणून. तवाच म्हणलं, मेव्हण्याला एकदा डोळ्यानं बघू द्यावं. घरी बायको भाकर वाढताना एकच म्हणायलीय, माझ्या भावाची तोड कवा? आता जेवण तरी गोड लागंल."

पंचफुलाला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे माझी नोकरी..."

"पक्की. कागद आजच करतो. अन् ते कुलूप हाय तसं राहू द्या. मी लय गयावया केली तरी उघडायचं न्हाई."

कारकून आता उघड हसत होते. दारापर्यंत गेलेले माणिकराव मागं वळले. आवाज त्यांनी अगदी खाली आणला.

"अन् बाई, उद्या सासरे यायलेत. त्यायच्यापुढं मला यापेक्षा जोरात वरडावं लागंल. वाईट वाटून घेऊ नका."