संध्याकाळची पाळी

आंधळगावातल्या त्या गल्लीची विजेची डीपी लोड सोसत नव्हती. म्हणून रुखमाबाईनं पाळी ठरवून दिली होती: पाणी दुपारीच भरा, संध्याकाळी सहा ते आठ कोणी मोटार लावायची नाही, तेव्हा शेजारच्या आजारी डोमाची ऑक्सिजनची मशीन चालते. तिच्या जिभेपुढे कोण बोलणार?

आणि वैशाखात एका संध्याकाळी जावई आले तेव्हा तिनंच चोरून मोटार लावली. डीपी उडाली, मशीन बंद पडली, डोमा गेला. मयतीत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. "कोन्या मुडद्यानं लावली मोटार?"

तेव्हापासून सहा वाजले की तिच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा. मेन स्विच पाडला तरी थांबायचा नाही. सावकाश पेटायचा, मधेच अडकायचा, मग विझायचा. ती त्यावर सूप टांगून ठेवायची.

आज वाऱ्यानं सूप पडलं, नेमकं डोमाची बायको सुमनबाई विरजण मागायला आली तेव्हा.

"काहून थबकली वो?" रुखमाबाईनं दटावलं, पण मान वर होईना.

सुमनबाई दिव्याकडे बघत राहिली. डोमाचा श्वास असाच अडकत चालायचा; त्या तालावर तिचाही श्वास अडकू लागला.

"काकी," ती हळूच म्हणाली, "हे तुमच्या घरी काहून आले?"