खुन्यांचे कप्पे

ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या घरी बसून खुनाच्या कादंबऱ्या वाचायच्या, ही नॉर्वेतली रीतच. आर्विद तिसऱ्याच प्रकरणात खुनी ओळखायचा आणि बायको गुन्वोर "सांगू नकोस!" म्हणून ओरडेपर्यंत सांगून मोकळा व्हायचा. यंदा तिनं सूड उगवला. ई-रीडरवरची सगळी नवी पुस्तकं आधीच वाचून खुन्यांनुसार कप्प्यांत लावली: 'खुनी डॉक्टर', 'खुनी जावई', 'खुनी बायको'. "तुझ्यापासून जपूनच राहायला हवं आता!" म्हणत तो सकाळी पोट धरून हसला आणि हट्टानं डॉक्टरच्या कप्प्यातलंच एक घेऊन बसला. दुपारी संत्रं सोलता सोलता म्हणाला, "खुनी कोण गं असेल? मला माळ्याचा संशय येतोय." "पुरे हं नाटक! सकाळचे कप्पे विसरलास की काय?" ती हसली. तो हसला नाही. "कसले कप्पे? तुला खुनी माहितीये? मग सांगू नकोस." तिनं ई-रीडर मागून घेतला, सगळे कप्पे मोडले आणि म्हणाली, "मलाही माळीच वाटतोय."