दुप्पट गूळ

विज्ञानात चिकाटीपुढे निसर्गही अखेर नमतो. कोकणात मात्र तो आधी चिकाटीची मजा बघतो.

तोडणकर मॅडमना स्टायलो नावाच्या चारापिकासाठी आंबट मातीत तगणारे, मुळांशी नत्र जमवणारे जिवाणू हवे होते. त्यांनी जिवाणूंना दरवर्षी थोडं जास्त आम्ल पाजलं आणि जे मेले नाहीत ते वाढवले.

"यंदा उगवलं नाही तर प्रकल्प बंद," संचालक म्हणाले.

"उगवेल," मॅडम म्हणाल्या.

जिवाणू गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळायचे असतात. ते सुटू नयेत म्हणून मॅडमनी गूळ दुप्पट घातला.

पंधरवड्याने जिवाणू न लावलेला वाफा हिरवा होता. लावलेला बोडका.

"तुमचे पैलवान गारद झाले वाटतं?" संचालकांनी विचारलं.

मॅडमनी बांधावरचं वारूळ खुरप्याने उकरलं, आतलं बी प्रयोगशाळेत तपासलं आणि आठवड्याने संचालकांसमोर उभ्या राहिल्या. "जिवाणू ठणठणीत आहेत, सर. बी मुंग्यांनी नेलं. पुन्हा पेरते. गुळाऐवजी भाताची पेज वापरते."

संचालकांनी सुस्कारा सोडला. "पेरा."

मुंग्यांना पेजही चालते.