नव्यासारखी गाडी

कंपनीने त्या स्पोर्ट्स कारचा एकच नमुना बनवला होता. त्याची चाचणी घेताना अपघातात एका मुलीचे बाबा गेले आणि शेजारी बसलेला त्यांचा जिवलग मित्रही गेला. "गाडीत दोष नव्हता, चालवणाऱ्याचीच चूक," असं म्हणून कंपनीने हात झटकले आणि मोडकी गाडी एका शौकिनाला विकून टाकली. तेव्हापासून आईला त्या मित्राच्या बायकोसमोर मान वर करता आली नव्हती.

गाडी या हातातून त्या हातात जात देशोदेशी फिरली. मुलगी एकेका मालकाचा माग काढत राहिली, त्यापायी तिने नोकरीवरही पाणी सोडलं. अखेर एका संग्रहालयात, लख्ख दिव्यांखाली ती लालचुटूक गाडी उभी दिसली.

"मला ही आतून तपासू द्या," तिने तिथल्या प्रमुखांना विनवलं. "माझे बाबा हीच चालवत होते."

प्रमुख हरखले. "तपासा की, ताई! आमचे मेकॅनिक गेल्या वर्षी वारले, पण जाण्याआधी बघा कशी नव्यासारखी करून गेले!"



प्रमुख कौतुकाने पुढे म्हणाले, "ते सांगायचे, ब्रेक मुळातच सदोष होते, म्हणून जुनं सगळं भंगारात घालून त्यांनी नवे बसवले."