गाणारी थांबल्यावर

"बाबा, तुम्ही माझ्या मागे मागे येताय," उपासना म्हणाली. "या गाण्यात पियानो पुढे आहे. मी मागे."

"पेटी मागेच असते बेटा. गाणाऱ्याला सांभाळत मागून यायचं, यालाच संगत म्हणतात."

ईश्वर गालिच्यावर मांडी घालून बसला होता, गळ्यात ऑफिसचा बॅज तसाच. अमेरिकेतल्या त्यांच्या कॅरी गावात दर वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला सगळे त्याच्या पेटीवर गायचे, आणि कोणी सूर सोडून भलतीकडे गेलं तरी तो हळूच तिकडे जाऊन त्याला परत आणायचा.

उद्या उपासनाची ऑडिशन होती. दोन तासांच्या ड्राइव्हवर एक आर्ट्स स्कूल होतं, तिथेच राहून शिकायचं. निवड झाली तर ऑगस्टपासून ती हॉस्टेलवर. परीक्षकांपुढे एक जुनं जर्मन गाणं म्हणायचं आणि मग ते उलगडून सांगायचं: कुणी लिहिलं, कधी, कुठला सूर कशासाठी. उद्या पियानो वाजवायला तिथे माणूस मिळणार होता. घरी पियानो नव्हता, पेटी होती. म्हणून तिनं अख्खं गाणं सारेगममध्ये कागदावर उतरवून काढलं होतं.

"ई फ्लॅटमध्ये आहे."

"म्हणजे काळी दोन," ईश्वर म्हणाला होता, आणि तो प्रश्न तिथेच मिटला होता.

अडचण डाव्या हाताची होती. या गाण्यात पियानोचा डावा हात म्हणजे नदी, खालच्या सुरांत सतत हलत राहणारी. आणि ईश्वरचा डावा हात भात्यावर.

"आई, तू ये ना. तू फक्त भाता मार."

शैला कणकेचे हात धुऊन आली आणि पेटीच्या पलीकडे बसली. पेटी जुनी, नागपूरहून आणलेली. हवा गळायची, त्यामुळे भात्याला उसंत नसायची. ईश्वरनं आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

"डाव्याला सवय नाही."

"ऑफिसात दोन्ही हातांनी टाइप करता ना?" शैला म्हणाली. "मग झालं तर."

दोन कडवी बरी गेली. तिसऱ्यात ईश्वर थांबला.

"इथं ग कोमल लिहिलास. चुकून?"

"नाही."

"पण तू तर म्हणतेस, मी खुशीत आहे. याच चालीला आधी शुद्ध होता."

"माझ्या ओळीत ग येतच नाही, बाबा. मी पंचमावर उभी आहे. ग फक्त पियानोत आहे. दॅट्स द होल पॉइंट." हल्ली तिला समजावून सांगायला फार आवडायचं. "मुलगी नावेत बसून गाव सोडून चाललीय. ती म्हणते, मी खुशीत आहे, वळून बघणार नाही. आणि खाली पियानो..."

"काय म्हणतो?" शैलानं विचारलं.

"वेगळंच काहीतरी म्हणतो."

पुन्हा सुरुवात झाली. या वेळी कोमल ग नीट आला. उपासनानं शेवटचा स्वर लांब धरला, सोडला आणि छान हसली. त्याच क्षणी पेटीही थांबली.

"संपलं?" शैला.

"माझं संपलं. पुढे सहा मेझर्स, म्हणजे आपली सहा आवर्तनं समज, नुसता पियानो आहे. ते मी लिहिलेच नाहीत."

"मग तेव्हा तू काय करतेस?"

"उभी राहते. आमच्या शाळेतल्या बाई म्हणतात, तू फार लवकर हसतेस." तिनं तयारीचं कार्ड वर धरलं. सगळ्या प्रश्नांखाली उत्तरं होती, शेवटच्याखाली कोरी जागा. "उद्या नक्की विचारणार, कोणी गातच नाहीये तर हे सहा मेझर्स कशाला? हेच एक येत नाहीये मला."

"आधी लिही तर," ईश्वर म्हणाला. "वाजवून बघू."

तिचा कागद भरला होता. ईश्वरनं खिशातून उद्याच्या रस्त्याची छापलेली पानं काढली. दोन होती, एक जायचं, एक यायचं. तिनं यायचं उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर लिहू लागली. लिहिता लिहिता पाठांतरही चालू होतं.

"कंपोजरची धाकटी बहीण लग्न होऊन नदीपलीकडच्या गावी गेली. त्याच आठवड्यात त्यानं हे गाणं लिहिलं."

"आणि तो कुठे होता?" शैलानं विचारलं.

"घरी. पियानोवर."

पेन्सिल थांबली. किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली. कोणी उठलं नाही.

जरा वेळानं उपासनानं उरलेलं लिहून पान पेटीवर ठेवलं.

"बाबा, मी थांबले तरी तुम्ही थांबायचं नाही. ओके?"

"सवय नाही बेटा."

"करा ना."

ती गायली. नाव निघाली, वळून न बघता निघाली, कोमल ग खालून येऊन गेला. तिनं शेवटचा स्वर सोडला, आणि या वेळी पेटी चालू राहिली. उजव्या हातात तिच्याच पहिल्या कडव्याची चाल होती, पण खालच्या सप्तकात, हळू, एकेक सूर चाचपत. ईश्वर मान वर न करता वाजवत होता. तिची अक्षरं मोठी होती, तरी तो पानावर अगदी वाकला होता.

उपासना तशीच उभी राहिली. हसायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

सहावं आवर्तन संपलं. ईश्वरनं दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. पट्ट्यांवर आता कुणाचंच बोट नव्हतं.

पलीकडे शैला भाता मारतच होती.