दोषवाली चिप

भिंगाखाली चिपवरचं शेवटचं अक्षर ‘बी’ दिसलं. मी ती काउंटरवर परत ठेवली.

“नंबर तोच आहे, काका. ‘ए’मध्ये दोष होता, तो कंपनीनं ‘बी’मध्ये काढलाय,” दुकानदार म्हणाला.

“मला दोषवालीच हवी,” मी चाचरत म्हणालो. “बायको अंथरुणावर असते. तिच्यासाठी मी घंटी केलीय, तिच्यातली ‘ए’ परवा जळाली. वीज वाचवायला झोपलेल्या ‘ए’ला पहिल्यांदा दाबलेलं बटण कळतच नाही, म्हणून बायको नेहमी दोनदा दाबते; ती सवय आता सुटायची नाही. ‘बी’ बसवली तर घंटी दोनदा वाजेल. दोनदा वाजली, की संकट समजून शेजारचे डॉक्टर धावत येतात.”

“मग प्रोग्राम बदला ना.”

“बदलताना माझंच काही चुकलं, तर ती दाबत राहील आणि कुणीच येणार नाही.”

दुकानदारानं माळ्यावरून धुळकट डबा काढला. “दोष मागणारं गिऱ्हाईक पहिलंच. भंगारात जायच्या होत्या, सगळ्या न्या.”

घरी चिप बसवून बटण बायकोच्या हातात दिलं. तिनं दोनदा दाबलं. घंटी एकदाच वाजली.

“सुधारली?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “होती तशीच आहे.”