घंटेचे तीन ठोके

"दार उघड," मृदुलाताई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"आवाज घाबरलेला आहे," खोलीचं दार शांतपणे म्हणालं. "कुणी धमकावत असेल, म्हणून उघडता येणार नाही."

चोरांच्या भीतीने सगळ्यांनीच अशी दारं बसवली होती. कड्या-कोयंडे कधीच गेले होते. आत कृत्तिका खोकत होती; तिचाही घाबरा आवाज दार मानत नव्हतं. तिच्या सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईने पडदा पेटला होता.

"आई, घंटा वाजव. माझं घंटेचं सर्किट दाराला न विचारता थेट कुलपालाच जोडलंय."

दहा वर्षांच्या लेकीने शाळेसाठी घंटेचे ठोके ओळखून कुलूप उघडणारा तो प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा "देवाच्या घंटेशी खेळ नको गं," म्हणून त्यांनीच तिला दटावलं होतं. आता त्या देव्हाऱ्यातली घंटा घेऊन धावत आल्या. त्यांनी ती घाईघाईने हलवली. घंटा नुसतीच खणखणली, दार हललं नाही.

"अशी नाही गं. नैवेद्याला वाजवतेस तशी."

त्यांनी डोळे मिटून नाम घेतलं. एक ठोका. थांबून दुसरा. मग तिसरा.

दार सरकलं. काळवंडलेली कृत्तिका त्यांच्या कुशीत कोसळली.

"दाराला नुसती भीती कळते, आई," ती धापा टाकत म्हणाली. "मी त्याला तुझा हात शिकवला."